टाळी न देता खेळलेली मॅच

टाचासरांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारी दोनच ठिकाणं उरली होती, बँक आणि दवाखाना. तिथेही नाव पुकारलं की सर आधी आजूबाजूला बघत, हा कोण बुवा, म्हणून. कॉलेजातल्या पोरी त्यांना टाचासर म्हणायच्या ते अर्थातच पाठीमागे. पण पाठीमागचं नाव किती वर्षं पाठीमागे राहणार? एकदा भर सभेत प्राचार्यबाईंच्याच तोंडून "आता टाचासर दोन शब्द बोलतील" असं निघून गेलं. सभा गार पडली. सर उठले, "धन्यवाद, मॅडम" एवढे मोजून दोन शब्द बोलले आणि खाली बसले. त्या दिवसापासून ते नाव अधिकृत झालं.

नाव पडलं होतं ते त्यांच्या उभं राहण्याच्या तऱ्हेवरून. मॅच सुरू झाली की सर टाचा उचलायचे आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत त्या जमिनीला लागायच्या नाहीत. बास्केटबॉलचे प्रशिक्षक, आणि उंची अशी की संघाबरोबर फोटो काढायचा तर फोटोवाला न विचारताच स्टूल आणून ठेवायचा. सर त्या स्टुलावर चढायचे नाहीत. पुढे जमिनीवर मांडी घालून बसायचे आणि म्हणायचे, "आता ठरवा, उंच कोण आणि बुटका कोण."

या टाचांची सुरुवात ताईपासून झाली. ताई त्यांची मोठी बहीण, बरीच मोठी. आई लवकर गेली, वडील फिरतीच्या नोकरीवर, तेव्हा धाकट्याला वाढवण्याचं काम तिच्या अंगावर पडलं आणि तिने ते तक्रार न करता, पण भरपूर बोलत केलं. ती टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. दुपारची पाळी असली की भावाला सोबत न्यायची आणि ऑफिसशेजारच्या मैदानाच्या जाळीपाशी उभं करून जायची. "इथून हलायचं नाही," एवढीच ताकीद. पोरगं हललं नाही. मैदानावर बास्केटबॉल चालायचा, आणि जाळीच्या खालच्या भागाला पत्रा मारलेला असल्यामुळे टाचा उचलल्याशिवाय काही दिसायचं नाही. पाळी संपवून ताई आली की भाऊ सगळी मॅच तिला पहिल्यापासून सांगायचा, आणि दिवसभर लोकांची बोलणी जोडून दमलेली ताई ती घरापर्यंत ऐकायची. ही रीत पुढे कधी मोडली नाही.

खेळाडू व्हायची सरांना फार हौस होती. पण दर निवडीच्या वेळी कुणीतरी डोक्यावर हात ठेवून "उंची येऊ दे, मग बघू" म्हणायचं, आणि उंचीने शेवटपर्यंत दाद दिली नाही. मग सर गुण लिहायला बसले, मग वेळ बघायला, मग शिट्टी मारायला, आणि असं कडेकडेने सरकत एक दिवस मुलींच्या कॉलेजात प्रशिक्षक झाले. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणायचे, सध्या सीझन चालू आहे. सीझन काही संपला नाही आणि विचारणारे थकले. घरात ते आणि ताई, दोन खोल्या आणि एक न संपणारी मॅच.

आता निवृत्तीचं वर्ष आलं होतं, आणि नेमका त्याच वर्षी त्यांचा संघ आंतरकॉलेज स्पर्धेत शेवटच्या चार संघांत पोचला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्याआधी सरांचे संघ साधारणपणे दुसऱ्या फेरीत हरून, हसत, बसमध्ये गाणी म्हणत परत यायचे.

हा चमत्कार केला कप्तानने. ती शेवटच्या वर्षाला होती, खांबासारखी उंच, आणि बोलण्यात कुणाला हार न जाणारी. तिला सगळे कप्तानच म्हणत, घरी तिची आईसुद्धा. "कप्तान, कपडे वाळत घाल," असं. कप्तानच्या संघात सगळ्यात छोटी होती मुंगी. मुंगी चेंडू पळवण्यात वाकबगार, पण बास्केट करायची म्हटलं की तिचे हात थरथरायचे. चेंडू हातात आला रे आला की तो दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकायची. तीन वर्षं सर तिला सांगत होते, "अगं, मार. चुकला तर चुकला." मुंगी मान डोलवायची आणि पुन्हा पास द्यायची. सरांचा सगळ्यात जास्त जीव तिच्यावर होता. त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

आणि मग साथ आली. कॉलेज बंद, मैदान बंद, स्पर्धा जिथल्या तिथे थांबली. सरांनी फोनवर सराव सुरू केला. प्रत्येकीने आपापल्या घरात चेंडूचे टप्पे मारायचे आणि सरांनी छोट्या चौकोनांतून बघायचं. एकीच्या घरचा दिवा फुटला, दुसरीच्या खालच्या मजल्यावरचे गृहस्थ झोपेच्या कपड्यांत वर आले आणि हात जोडून गेले. आतल्या खोलीतून ताई म्हणायची, "तुझ्या संघाने एक तरी स्पर्धा जिंकावी म्हणून मी इतकी वर्षं थांबले, आता या टप्प्यांनीच जाणार मी."

ताईला जुना दमा होता. साथ आल्यापासून सरांनी दोन खोल्यांमधलं दार लावून घेतलं होतं. ताई आत, सर बाहेर. जेवण दाराशी ठेवायचं, दारावर टकटक करून मागे सरायचं. बाजारातून आणलेली भाजी सर साबणाच्या पाण्याने अशी धुवायचे की फ्लॉवरला फेस यायचा. बोलणं दारातून, नाहीतर फोनवरून. फोनवर ताई अजून ऑपरेटरच होती. तिला कंटाळा आला की मधेच "आपली वेळ संपली" म्हणून फोन ठेवून द्यायची.

काही महिन्यांनी साथ थोडी ओसरली आणि आयोजकांचं पत्र आलं. राहिलेले सामने रिकाम्या हॉलमध्ये, प्रेक्षकांशिवाय होतील. ज्या कॉलेजला यायचं त्याने यावं, नाही त्याने कळवावं. प्राचार्यबाईंनी सरांना फोन केला. "मुलींचं तुम्हाला जास्त कळतं. तुम्ही हो म्हणालात तर हो, नाही म्हणालात तर नाही. रविवारी संध्याकाळपर्यंत सांगा." असं म्हणून त्यांनी ते घोंगडं अलगद सरांच्या गळ्यात टाकलं आणि स्वतः मोकळ्या झाल्या.

सर चार दिवस ते घोंगडं भिजत ठेवून बसले. खेळायचं तर आयुष्यातली एकमेव मोठी मॅच पदरात पडत होती. पण बसमधून जायचं, अनोळखी हॉलमध्ये दहा जणींनी एकमेकींच्या अंगावर धापा टाकायच्या, आणि मग आपण परत कुठे यायचं? याच दारापाशी.

"काय ठरवलंस?" ताईने दाराआडून विचारलं.

"बघू."

"बघू म्हणजे? टाचा टेकव आणि नीट सांग."

"मुलींच्या तब्येतीचा प्रश्न आहे, ताई."

"मुली चांगल्या धडधाकट आहेत. तू माझ्या दम्याला घाबरतोयस."

दारातून ताईचा श्वास ऐकू येत होता, वर चढताना किंचित शीळ घालणारा.

"हे बघ," ती म्हणाली, "जायचं तर जा, नाही जायचं तर नको जाऊस. पण माझ्या नावावर खपवू नकोस. उद्या ती कप्तान म्हातारी होईल आणि नातवंडांना सांगेल, सरांच्या बहिणीला खोकला होता म्हणून आमची सेमीफायनल बुडाली. मला नको ते पुण्य."

"तसं नाही गं."

"आपली वेळ संपली," ताई म्हणाली आणि दाराजवळून उठून गेली. दारालाही फोनचा नियम लावण्याची ही तिची पहिलीच वेळ होती.

दुसऱ्या दिवशी सरांनी संघाला कॉलेजच्या मैदानावर बोलावलं. वाचनालयामागचं ते कोर्ट. सिमेंटला भेगा, आणि रिंगला दोऱ्याच्या जाळीऐवजी साखळ्या, त्यामुळे चेंडू आत गेला की खळखळ वाजायचं. मुली लांब लांब उभ्या राहिल्या. सगळ्यांच्या तोंडावर मास्क, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी एकमेकींकडे बघून घेत होत्या.

कप्तान तयारीनेच आली होती. "सर, लोक दुकानात जातायत, बसमध्ये चढतायत. आम्ही तपासणी करून, रिकाम्या हॉलमध्ये खेळायचं, तर तेवढंच वाईट?"

"पुढच्या वर्षी खेळू की," कुणीतरी म्हणालं.

"तू खेळशील. मी पुढच्या वर्षी कुठल्यातरी ऑफिसात असेन. तिथे बास्केट एकच असते, कागद टाकायची."

सगळ्या हसल्या. सरही हसले, आणि हसता हसता त्यांच्या लक्षात आलं की ही पोरगी खरं बोलतेय. तिचं वर्ष परत येणार नव्हतं, आणि त्यांचंही.

मुंगी हसली नव्हती. तिच्या घरी एकच खोली, आणि तिथे तिच्या बहिणीचं तान्हं बाळ. "मला खेळायचंय, सर," ती हळूच म्हणाली, "पण खेळून झाल्यावर घरीही जायचंय."

कप्तानने चेंडू या हातातून त्या हातात केला.

तेव्हा सरांनी एक युक्ती काढली, आणि ती अगदी त्यांच्याच डोक्यात येण्यासारखी होती. बास्केटबॉलच्या पोरी एकमेकींना हात लावल्याशिवाय राहू शकत नाहीत. बास्केट झाली की टाळी, चुकली तरी टाळी, कुणी पडली की चौघी उचलायला, मधल्या सुट्टीत गळ्यात गळे घालून गोल. हे त्या शिकत नाहीत, ते आपोआप होतं. सर म्हणाले, "रविवारी सकाळी आपण आपापसांत पूर्ण मॅच खेळू. तपासणी करून यायचं, डॉक्टर सांगतील ते सगळे नियम पाळायचे. खेळताना धक्का लागला तर तो खेळ. पण टाळी नाही, मिठी नाही, गोल नाही. शेवटपर्यंत एकही नियम मोडला नाहीत तर मी हो म्हणेन. एक जरी मोडलात तर नाही."

मुलींना हे फार न्यायाचं वाटलं. खरं तर सरांची खात्री होती की पाच मिनिटांत कुणीतरी टाळी देणार, आणि मग नाही म्हणायला आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची, आणि तीही या कोवळ्या पोरींच्या. सरांना मनातून थोडी लाज वाटली. पण थोडीच.

रविवारी कॉलेजचे डॉक्टर प्राचार्यबाईंच्या टेबलावरची घंटी घेऊन हजर झाले. तरुण माणूस, नियमांची भारी आवड. नियम मोडला की ते घंटी वाजवणार होते. त्यांनी चेंडूला सॅनिटायझर इतकं चोळलं की पहिला पास कप्तानच्या हातातून साबणाच्या वडीसारखा निसटला आणि थेट वाचनालयाच्या पायरीवर जाऊन बसला. "स्वच्छ आहे," डॉक्टर समाधानाने म्हणाले.

मॅच सुरू झाली. कप्तानने पहिली बास्केट केली, साखळ्या खळखळल्या, आणि सर घंटीकडे बघू लागले. पण कप्तानने दोन्ही हात पाठीमागे बांधले. तिच्याबरोबरच्या चौघींनीही बांधले. वस्तुसंग्रहालयात 'हात लावू नये' अशी पाटी वाचून उभं राहावं तशा पाचही जणी क्षणभर उभ्या राहिल्या, आणि पुन्हा पळू लागल्या. घरी बसून त्यांनी ही तालीम केली होती. सरांना पत्ता लागू दिला नव्हता.

मग तर दर बास्केटला तेच. मधल्या सुट्टीत त्या गोल करून उभ्या राहिल्या खऱ्या, पण एवढा मोठा गोल की कप्तानला डाव समजावून सांगायला ओरडावं लागलं आणि समोरच्या संघाने तो आरामात ऐकून घेतला. एकदा एक मुलगी घसरून पडली. चौघी धावल्या आणि एक हात अंतरावर कचकन थांबल्या. पडलेली वर बघून म्हणाली, "अगं, मी उठते माझी मी, पण काहीतरी प्रेमाचं बोला तरी." कप्तान म्हणाली, "बावळट, बूट बांध." डॉक्टरांचं बोट घंटीवर तयार होतं. ते खाली दाबायची वेळच येईना.

सर हळूहळू विसरले. आधी विसरले की आपल्याला ही मॅच बिघडायला हवी आहे. मग विसरले की ही सरावाची मॅच आहे. मुली खेळत होत्याच तशा. इतके महिने कोंडून ठेवलेल्या पायांनी, भेगाळलेल्या सिमेंटवर, त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला बास्केटबॉल. सरांच्या टाचा कधी उचलल्या गेल्या त्यांनाच कळलं नाही. मास्क हनुवटीवर आला होता आणि ते दोन्ही संघांना एकदमच ओरडून सांगत होते, त्यामुळे कुणालाच काही कळत नव्हतं.

शेवटचे काही सेकंद राहिले. मुंगीचा संघ एका गुणाने मागे. मुंगीने चेंडू पळवला आणि सवयीप्रमाणे पास द्यायला इकडेतिकडे बघितलं. सगळ्या अडलेल्या. कुणीच मोकळी नव्हती. मुंगीने एकदा सरांकडे बघितलं, डोळे मिटले म्हणा की किलकिले केले म्हणा, आणि लांबून चेंडू भिरकावला. तो फळीला लागला, रिंगवर दोनदा नाचला आणि आत पडला.

साखळ्या वाजल्या. मुंगीच्या संघाने हात पाठीमागे बांधले. कप्तान हरली होती तरी तिनेही बांधले. डोळ्यांत पाणी, उड्या मारायला आतुर झालेले पाय, आणि हात मात्र पाठीमागे. नऊ मुली अशा उभ्या होत्या. दहावी मुंगी, ती आपल्याच हातांकडे बघत होती.

आणि टाचासर रेषा ओलांडून धावत गेले आणि त्यांनी मुंगीला घट्ट मिठी मारली. "मारलास गं! मारलास!" ते म्हणत होते, आणि रडत होते, आणि मास्क हनुवटीखाली लोंबत होता.

डॉक्टरांनी घंटी वाजवली. एकदाच, आणि तीही हळू.

सर भानावर आले आणि मागे सरले. मग एक मुलगी म्हणाली, "नियम खेळाडूंना होता ना? सरांना थोडाच होता?" दुसरी म्हणाली, "बरोबर आहे. आम्ही एकही मोडला नाही." सगळ्या एकदम बोलायला लागल्या. बघता बघता मैदानावर वकिलांचं कॉलेज भरलं. कप्तान जोरजोरात सांगत होती की प्रशिक्षकाचा फाऊल संघाच्या नावावर लागतो खरा, पण मॅच संपल्यावर केलेला नाही लागत. सरांनाही ते पटायला लागलं होतं. हो म्हणायला जिभेवर शब्द आला होता.

तेवढ्यात मुंगी म्हणाली, "सर, आता मी घरी जाऊ का?"

तिने तक्रार केली नव्हती. चेहऱ्यावर बास्केटचा आनंद तसाच होता. तिला खरोखरच माहीत नव्हतं आणि ती विचारत होती. घरी बाळ होतं, आणि आत्ता तिच्या गळ्यात पडलेला माणूस रोज बाजारात जाऊन येत होता, आणि त्याची तपासणी झालेली नव्हती. तपासणी मुलींची झाली होती. सरांची करायचं डॉक्टरांना सुचलं नव्हतं आणि सरांनाही.

त्यांनी तिथूनच प्राचार्यबाईंना फोन लावला.

"मॅडम, आपण जायचं नाही."

"मुलींनी नियम मोडला का?"

"मुलींनी एकही मोडला नाही. मी मोडला."

"मग तुम्ही जाऊ नका. दुसऱ्या कुणाला तरी बरोबर पाठवते. मुलींचं का मन मारता?"

हे सरांना सुचलंच नव्हतं. कप्तानच्या डोळ्यांत केवढी आशा आली होती ते त्यांना दिसलं, आणि तिकडे बघवेना म्हणून ते रिंगकडे बघत बोलले.

"मॅडम, मी बाहेर उभा होतो. वयाने मोठा, नियम मीच घातलेला, आणि मॅच आपापसांतली. तरी माझा तोल गेला. तिथे या खरोखरची मॅच जिंकल्या तर हात बांधून उभ्या राहतील? कदाचित राहतीलही. पण एकीचा जरी तोल गेला तर तिला विचारायला लागेल, मी घरी जाऊ का म्हणून. तो प्रश्न मी आत्ता ऐकला. मला पुन्हा नाही ऐकवणार."

फोन ठेवला. कप्तानने हातातला चेंडू खाली ठेवला, आपटला नाही, अगदी हळू ठेवला, आणि सरांकडे न बघता निघून गेली. तिने आरडाओरडा केला असता तर सरांना बरं वाटलं असतं.

पुढचे दिवस सर कॉलेजच्या साहित्याच्या खोलीत राहिले, चेंडू, मॅट आणि दोरीउड्यांच्या दोऱ्यांमध्ये. ताईच्या दाराशी डबा ठेवायचं काम डॉक्टरांनी घेतलं. मुंगीला मुलींच्या रिकाम्या वसतिगृहात खोली मिळाली. तिच्या शेजारच्या खोलीत कप्तान जाऊन राहिली, तिला गरज नसताना. सरांशी ती बोलत नव्हती, पण मुंगीला एकटं सोडायलाही तयार नव्हती. मुंगीची आणि सरांची दोघांचीही तपासणी ठीक निघाली, तेव्हा डॉक्टरांनी स्वतः येऊन सांगितलं, आणि आपण सरांना तपासायला विसरलो याबद्दल इतक्या वेळा माफी मागितली की शेवटी सरांनाच त्यांची समजूत काढावी लागली. बाळ मजेत होतं. मुंगी घरी गेली तेव्हा ते तिच्याकडे बघून भोकाड पसरून रडलं, कारण ते तिला विसरलं होतं.

ताईने पहिल्या दिवशी फोनवर एकच विचारलं. "माझ्या नावावर खपवलंस?"

"नाही. माझ्याच."

"मग ठीक," ती म्हणाली, आणि थोडी रडली, कारण तिलाही ती मॅच हवी होती. मग म्हणाली, "आता सांग. मुंगीने चेंडू पळवला इथपर्यंत डॉक्टरांकडून कळलं. पहिल्यापासून सांग." सरांनी साहित्याच्या खोलीत बसून सगळी मॅच सांगितली. या वेळी ताईने वेळ संपली म्हटलं नाही.

स्पर्धा व्हायची ती झालीच. बाकीची कॉलेजं गेली. अंतिम सामना फोनवर दाखवणार होते. कुणीतरी सगळ्यांना एका कॉलवर जोडलं. सर तोवर घरी परतले होते, मधलं दार पुन्हा लावलेलं, ताई आतून तिच्या फोनवर. छोट्या चौकोनांत सगळ्या मुली, डॉक्टरसुद्धा. एक चौकोन काळा होता. कॅमेरा बंद, आवाज बंद. तो कप्तानचा. ती आली होती एवढंच.

सामना चुरशीचा झाला. हॉल रिकामा, त्यामुळे बुटांची किरकिर स्पष्ट ऐकू येत होती. दर वेळी चेंडू रिंगकडे गेला की मुली आपापल्या घरात ओरडायच्या, आणि मग कुणाच्या तरी घरातलं कुणीतरी त्यांच्यावर ओरडायचं. सरांनी पलंगावर बसून बघायचं ठरवलं होतं. दुसऱ्या मिनिटाला ते उभे होते.

शेवटच्या क्षणी एका संघाने बास्केट केली आणि शिट्टी झाली. आणि त्या अनोळखी मुली, इतका वेळ शहाण्यासारख्या वागलेल्या, एकमेकींच्या अंगावर पडल्या. एक, तिच्यावर दुसरी, तिच्यावर सगळ्या. बेंचवरच्या धावत आल्या, प्रशिक्षक धावत आले, हातपाय कुणाचे कुठले कळेना. निवेदक कळवळून सांगत होता, "कृपया अंतर ठेवा. कृपया अंतर ठेवा." डॉक्टरांनी त्यांच्या चौकोनात डोक्याला हात लावला. मुलींना हसायचंही होतं आणि बघवतही नव्हतं, कारण तो ढीग त्यांचा असू शकला असता.

तेवढ्यात काळ्या चौकोनातून आवाज आला.

"सर."

"हं?"

"आपण असतो ना, तर त्या ढिगात सगळ्यात खाली तुम्ही असता."

सर तोंड फिरवून खिडकीकडे बघत राहिले. बंद दाराच्या पलीकडून ताईचा आवाज आला, "अरे, पोरगी बोलतेय तुझ्याशी. उत्तर दे की तिला."

सरांनी डोळे पुसले आणि फोन तोंडाजवळ धरला.

"आणि सगळ्यात वर तू असतीस," ते म्हणाले, आणि कप्तानने कॅमेरा चालू केला.